गयाबाईचा तांब्या

मंदा गेली त्या सकाळी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. पाण्याच्या दिवशी इथं कुणी कुणाचा फोन उचलत नाही. तासाभरात टाकी, पिंपं, बादल्या, शेवटी शेवटी तर पातेलीसुद्धा भरून ठेवायची असतात, मग पुन्हा पाण्याचं तोंड कधी दिसेल देव जाणे. फोन ओट्यावर वाजत होता. वाज बाबा, म्हटलं, मंदाच असणार. तिच्या गल्लीत पाणी आलं नसलं की ती मला फोन करून आमच्या पाण्याची चौकशी करायची, जसं काही मीच ते अडवून धरलंय. नळ फुरफुरला, पाणी गेलं, मी पदराला हात पुसून बघितलं तर फोन पल्लवीचे होते, मंदाच्या मुलीचे. एक नाही, पाच. मी उलट फोन लावला. "मावशी, आई उठलीच नाही," एवढंच ती म्हणाली... मी तशीच ओल्या साडीनं रिक्षात बसले. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लक्षात आलं की चाळीस वर्षांत मी तिच्या घराचा पत्ता कधी तोंडानं सांगितलाच नव्हता. औरंगाबादच्या गारखेड्यात आमची घरं चालत दहा मिनिटांवर.

ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. त्याच आठवड्यात मी हा लेख लिहायला घेतला असता तर तो अगदी वेगळा झाला असता. गोड झाला असता. तुम्ही वाचून डोळे पुसले असते. आता जे लिहितेय ते वाचून काहीजण म्हणतील, बाई, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? मीही तोच प्रश्न स्वतःला पंधरा दिवस विचारला. मग म्हटलं, माझी आईही मेलेलीच आहे की. तिच्या बाजूनं कोण लिहिणार?

मंदाची न् माझी ओळख गंगापूर तालुक्यातल्या एका शाळेतली. दोघींची पहिलीच नोकरी. औरंगाबादहून काळीपिवळी जीपनं जायचं, नऊ जणांच्या जागेत सोळा जण, मांडीवर दुसऱ्याची पोरं आणि पायाशी कुणाची तरी कोंबडी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जीप मध्येच बंद पडली आणि आम्ही दोघी उन्हात चालत निघालो. वाटेत तिनं विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?" मी सांगितलं. आडनाव विचारण्यात काय काय विचारलेलं असतं ते मला लहानपणापासून ठाऊक, त्यामुळं मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मंदा मोठ्या घरची. वडलांची शंभर एकर जमीन, दारात बैल, अंगणात गडीमाणसं. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाबाहेर. तिनं माझ्या खांद्यावरची वॉटरबॅग ओढून घेतली, झाकण उघडलं, आणि नळीला तोंड लावून गटागटा पाणी प्यायली. वरून नाही, तोंड लावून. मग हातानं तोंड पुसून म्हणाली, "गरम झालंय गं." मला हसावं की रडावं कळेना. असं माझ्या हातचं पाणी तोपर्यंत कुणी प्यायलं नव्हतं. त्या दिवशी ती माझी मैत्रीण झाली आणि पुढं मी तिच्यावर जो विश्वास टाकला तो सगळा त्या एका घोटावर टाकला, हे मी आज कबूल करते.

दोनेक वर्षांनी तिनं मला तिच्या माहेरी नेलं. मी नको म्हणत होते. "चल गं, आमची आई काय वाघ आहे का?" म्हणाली. आई वाघ नव्हती. छान बोलली, खुर्ची दिली, पोहे दिले. चहा मात्र सगळ्यांना फुलाफुलांच्या कपात आला आणि मला कान तुटलेल्या कपात. तो कप कपाटातून आला नव्हता, बाहेरच्या कोनाड्यातून आला होता. मी मुकाट्यानं हात पुढं केला. सवय असते. मंदानं तो कप माझ्या हातातून काढून घेतला, स्वतःचा मला दिला, आणि तुटलेल्या कपातून चहा प्यायली, आईच्या डोळ्यात डोळे घालून. तिची आई उठून आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. परतीच्या एसटीत मंदा खिडकीकडं तोंड करून रडत होती. "आईचा मला लई राग येतो सुमे... लई लाज वाटते." आता सांगा, अशा मुलीवर जीव टाकायचा नाही तर कुणावर टाकायचा?

तिला हसवावं म्हणून मी त्या एसटीत तिला माझ्या आईच्या तांब्याची गोष्ट सांगितली. घरच्या माणसांशिवाय ती गोष्ट ऐकणारी मंदा पहिली, आणि माझ्या समजुतीप्रमाणं शेवटची.

माझी आई, गयाबाई. दुसऱ्याच्या रानात राबणारी, अक्षरओळख नाही. एका वर्षी कापूस वेचणीच्या पैशातून तिनं गंगापूरच्या बाजारात पितळी तांब्या घेतला. हौसेनं घेतला. आणि त्यावर नाव घालायचं ठरवलं. तेव्हा भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं आपलं होत नसे. लग्नकार्यात भांडी एकमेकांत मिसळायची, नावावरून परत यायची. आमच्या भांड्यांत कुणाची भांडी मिसळणार होती, पण तिला आपलं नाव कशावर तरी पाहिजे होतं. दुकानाबाहेर गोणपाटावर नाव घालणारा बसलेला, हातात छिन्नी आणि इवलीशी हातोडी. त्याच वेळी आमच्या गावच्या पाटलाचा गडीही पाटलीणबाईंचा नवा तांब्या घेऊन आलेला. त्याच दुकानातला, त्याच घडणीचा. नाव घालणाऱ्यानं दोन्ही नावं विचारली, टकटक टकटक करून दोन्ही घातली, आणि देताना तांब्यांची अदलाबदल केली. आईला वाचता येत नव्हतं, गड्याला येत नव्हतं. दोघंही खुशीत घरी आले.

पुढं चार-पाच वर्षांनी मी शाळेत जायला लागले. जे दिसेल ते वाचायचं खूळ लागलं. एक दिवस चुलीपाशी बसून तांब्यावर बोट फिरवत वाचलं, "कृष्णाबाई." आईला म्हटलं, हे तुझं नाव नाय. ती म्हणाली, नीट वाच. मी परत वाचलं. तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं आता मार बसतो. सगळी वर्षं ती तो तांब्या राखेनं घासून, नाव वर येईल असा कोनाड्यात ठेवायची... कृष्णाबाई म्हणजे पाटलीणबाई. मग तिचं नाव कुठं गेलं? ते आठच दिवसांत कळलं. शेंगा तोडायला आईबरोबर पाटलाच्या रानात गेले होते. दुपारी वाड्याच्या मागल्या दारी पाणी मागितलं. आम्ही खाली ओंजळ धरून बसलेलो, पाटलीणबाई ओट्यावरून तांब्या तिरका करून पाणी सोडत होत्या. उंचावरून, शिवायला नको म्हणून. मी ओंजळ धरून वर बघितलं तर तांब्याच्या पोटावर स्वच्छ अक्षरं... गयाबाई. मी ओरडणारच होते. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की दोन दिवस निळं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

तिथून निघालो, वाडा नजरेआड झाला, आणि आई बांधावर मटकन बसली. मला वाटलं रडतीय. हसत होती. पोट धरून हसत होती, डोळ्यातून पाणी वाहत होतं. "अगं, मला वरून वाढत्यात, अन् सोता माझ्या नावाला तोंड लावून पित्यात! पाटील तर रानातून आला की घटाघटा पितोय..." मी म्हटलं, आपण सांगू ना त्यांना, आपला तांब्या परत आणू. तिनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "नाय. सांगायचं नाय कुनाला. सांगितलं तर त्यो उकिरड्यावर फेकतील. ऱ्हाऊ दे माझं नाव तिथं. पिऊ दे त्यास्नी." त्यानंतर त्या मागल्या दारी आई जितक्या वेळा ओंजळ धरून बसली तितक्या वेळा मी तिच्याकडं बघायची, आणि ती खाली मान घालून गालात हसत असायची. बाकी कसली चैन तिला मिळाली नाही. एवढी एक मिळाली.

एसटीत मंदा ही गोष्ट ऐकून इतकी हसली की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. मी तिला बजावलं, कुणाला सांगायचं नाय हं, आईला चालणार नाही. "आईशप्पथ," म्हणाली. आता वाटतं, कुणाच्या आईची शपथ घेतेय ते तेव्हाच विचारून घ्यायला पाहिजे होतं.

आम्ही निवृत्त झालो, तिचे यजमान गेले, माझे त्याआधीच गेले होते, आणि तिनं ती बैठक सुरू केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा म्हातारी माणसं जमायची, प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची, तिच्यावर हात ठेवायचा आणि तिची गोष्ट सांगायची. अट एकच, गोष्ट खरी पाहिजे. काय एकेक गोष्टी! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काझी साहेब त्यांच्या अब्बांचं कुलूप घेऊन आले होते, चावी हरवून तीस वर्षं बंद असलेलं, आणि अब्बांची मय्यत निघाली त्या सकाळी आपोआप उघडलेलं. एका गृहस्थांनी तर आजोबांची कवळी आणली. दोन भावांत ती एकच कवळी होती म्हणे, ज्याला लग्नाचं आमंत्रण असेल त्यानं लावायची. एकदा दोघांना एकाच लग्नाचं आमंत्रण आलं आणि पंगतीत थोरले जेवून उठेपर्यंत धाकटे हात धुऊन ताटकळत बसले. आम्ही हसून लोळायचो. ते गृहस्थ मात्र पुढं दर महिन्याला कवळीच घेऊन यायला लागले. मी वडलांचा सायकलचा दिवा नेला, शाळेची फुटकी घंटा नेली. मंदा दर वेळी माझ्या कानाशी लागायची, "तांब्या आण ना सुमे. त्याच्यापुढं सगळ्यांच्या गोष्टी फिक्या पडतील." मी म्हणायची, आईनं नको म्हटलंय. "आता तुझी आई नाय, पाटील नाय, पाटलीणबाई नाय. कुणाचं काय बिघडणार?" मी म्हणायची, नाही म्हणजे नाही. मग ती हात जोडायची, "बरं बाई, राहिलं."

तीन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला मुलाकडं गेले, चार महिने राहिले. परत आले तेव्हा बैठकीत एक नवा नियम झालेला होता: एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा निघायची नाही, तिच्यावर चर्चाही करायची नाही. "कवळीनं जीव नकोसा केला होता," मंदा म्हणाली. मी म्हटलं, झकास केलंस. मीच तिची पाठ थोपटली! बाई, काय मूर्ख असते मी कधीकधी.

तिची शेवटची भेट ती जायच्या दोन दिवस आधीची. दुपारी आली, पंखा लाव म्हणाली, माठातलं पाणी घेऊन प्यायली. मग उगीच म्हणाली, तुझा तांब्या दाखव. मी दाखवला. मांडीवर घेऊन ती किती तरी वेळ 'कृष्णाबाई'वर बोट फिरवत बसली. "सुमे, तुला एक सांगायचंय. पण तू रागावशील." मी म्हटलं, मी केव्हा रागावत नाही? ती हसली. "मग राहू दे आज. रविवारी सांगते." मी आग्रह केला नाही. कुकर लावायचा होता.

तिची शोकसभा इथल्याच एका हॉलमध्ये होती. मी पुढच्या रांगेत, पल्लवीच्या शेजारी बसलेले. टेबलावर मंदाचा फोटो, हार, उदबत्त्या, आणि फोटोशेजारी एक पितळी तांब्या, त्यात गुलाबाची फुलं. मला बसल्या जागेवरून फक्त तांब्या दिसत होता, नाव वाचता येत नव्हतं. काझी साहेब बोलायला उठले. फार छान बोलतात ते, अर्धं मराठीत अर्धं दखनीत, आवाज असा की ऐकत राहावं. म्हणाले, "मंदाताईंची एक बात आम्ही कधी भुलणार नाही. हा तांब्या. त्यांच्या माँचा. गाँवच्या मोठ्या घराण्याच्या बाई. नाव घालणाऱ्याच्या गलतीनं एका मजूर बाईच्या नावाचा तांब्या घरात आला. छोट्या मंदाताईंनी तो वाचला. घरात हंगामा... फेकून द्या, विटाळ झाला. तर माँ काय म्हणाल्या? नाव कुणाचं का असेना, पाणी तेच हाय. उद्यापासून ह्या ओट्यावर सगळ्यांना ह्याच तांब्यानं पाणी मिळेल, अन् हातात मिळेल. क्या औरत थी वो! उस जमाने में!" हॉलमधल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. पल्लवी माझा हात धरून हुंदके देत म्हणाली, "मावशी, माझी आजी..."

गोष्ट माझी होती आणि तिच्यात मी नव्हते. वाचणारी पोर मंदा झाली होती. आई उरली होती ती तांब्यावरच्या नावापुरती, कुणी तरी एक मजूर बाई, जिच्यावर मोठ्या घरच्या बाईनं उपकार केले. बांधावर बसून हसणारी माझी आई कुठं गेली? तिनं जन्मभर गालातल्या गालात जपलेली एक गंमत, ती उचलून मंदानं दुसऱ्याच बाईच्या पदरात टाकली, आणि कुणाच्या? कान तुटलेल्या कपातून मला चहा देणाऱ्या बाईच्या!

सभा संपल्यावर फुलं वाहायच्या निमित्तानं टेबलाजवळ गेले. तांब्यावर खरंच 'गयाबाई' लिहिलेलं होतं. खोटं कशाला बोलू, एक क्षण मी हरखले. वाटलं, हाच तो. पाटलाच्या वाड्यातला, आईचा. मंदानं कुठून तरी शोधून आणला असेल, हेच मला रविवारी सांगायचं असेल... मी बोट फिरवलं. छिन्नीचं नाव बोटाला खरखरीत लागतं, आमच्या घरच्या तांब्यावर मी ते साठ वर्षं चाचपलंय. हे मशीननं घातलेलं होतं. बारीक, एकसारखं, गुळगुळीत. शहरातल्या कुठल्या तरी भांड्यांच्या दुकानात उभं राहून मंदानं माझ्या आईचं नाव सांगितलं होतं आणि पोऱ्याकडून नाही, मालकाकडून घालून घेतलं असणार, कारण अक्षर मात्र सुरेख होतं. ती सगळं नीटच करायची.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी काझी साहेबांच्या घरी बैठक भरली. मी माझा तांब्या पिशवीत घालून नेला. आईची मनाई मोडायची ठरवली होती. आता झाकून ठेवण्यासारखं उरलंच काय होतं? टेबलावर तांब्या ठेवला, हात ठेवला, सुरुवात केली. चार वाक्यं झाली नसतील तर लोक एकमेकांकडं बघायला लागले. काझी साहेब फार हळुवार म्हणाले, "सुमनताई, ये तो हो चुकी. ही मंदाताईंची गोष्ट हाय. आपला नियम..." मी म्हटलं, नियम खड्ड्यात गेला, ही माझ्या आईची गोष्ट आहे, हे बघा, हे कृष्णाबाईचं नाव. मी सगळी सांगितली, बांधापर्यंत. आवाज चढला माझा. कुणी हसलं नाही. शेवटी एक बाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "होतं असं. जिवाभावाचं माणूस गेलं की त्याचं ऐकलेलं आपलंच वाटायला लागतं. वयही झालं आता आपलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मायेनं हलवल्या, म्हणून जास्त झोंबलं. मी तांब्या पिशवीत कोंबला आणि चहा न घेता निघाले. जिन्यावर मला पहिल्यांदा मंदासाठी नाही, माझ्या आईसाठी रडू आलं. तिला जाऊन तीस वर्षं झालीत.

चार दिवसांनी पल्लवी आली. पिशवीतून तो दुसरा तांब्या काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुमचा यायचा फोन आला की आई आधी हा तांब्या उचलून आतल्या कपाटात ठेवायची. तीन वर्षं बघतेय मी. का हो?" मंदाची पोर. माझ्या मांडीवर वाढलेली. नुकती आई गेलेली... खोटं बोलणं सोपं होतं. म्हणता आलं असतं की, अगं, मला पितळेचा वास सहन होत नाही. पण मंदा असंच सोपं काही तरी बोलली असणार, पहिल्या वेळी, असं मनात आलं. मी उठले, माझा तांब्या आणून त्याच्या शेजारी ठेवला, आणि तिला सगळं सांगितलं, हे लिहून काढायचं मनात आहे तेसुद्धा. संपल्यावर फक्त म्हणाली, "म्हणजे माझी आजी तसं म्हणालीच नव्हती?" मी म्हटलं, नाही गं. आणि तो कपही सांगितला. मंदानं माझ्या हातातून घेतलेला, तोही. तिची आई ह्या गोष्टीत जेवढी खोटी होती तेवढीच त्या कपाच्या दिवशी खरी होती, हे तिला कळायला हवं होतं.

पल्लवीनं एकाआड एक दोन्ही तांबे उचलून नावं वाचली. मग उठली. "आईला तशी आजी पाहिजे होती, मावशी." मी म्हटलं, मला कळतंय ते. मलाही पाहिजे होतं बरंच काही. पण त्यासाठी माझीच आई घ्यायची? माझ्याकडं दुसरी आहे का? दारात चपला घालताना म्हणाली, "लिहा तुम्ही. माझं काही म्हणणं नाही. पण हा तांब्या तुमच्याकडंच राहू द्या. मला आता घरात नको." आणि चहाचा कप तसाच भरलेला ठेवून गेली. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. कोण चुकतंय ते मला कळत नाही.

तेव्हापासून माझ्या ओट्यावर दोन तांबे आहेत. एक खरा, त्यावर पाटलीणबाईंचं नाव. एक खोटा, त्यावर माझ्या आईचं. आईचा खरा तांब्या पाटलाच्या वाड्याबरोबर कधीच मोडीत गेला असणार. घर आईच्या नावावर नव्हतं, जमीन नव्हती, मतदार यादीतसुद्धा तिचं नाव चुकीचं होतं. ह्या जगात माझ्या आईचं नाव नीट, सुरेख अक्षरात लिहिलेली एकच वस्तू आहे, आणि ती मंदानं फसवणूक करायला करून घेतलेली. फेकून द्यावा म्हणून दोनदा उचलला. नाव दिसलं की हात थांबतो. चांगला चिंचेनं घासते, पाण्याच्या दिवशी बाकीच्या भांड्यांबरोबर तोही भरते.

काल पाणी आलं होतं. भरून झाल्यावर दमून बसले, तहान लागली होती, हाताशी तोच तांब्या होता. मंदा असती तर उचलून तोंडाला लावला असता आणि हातानं तोंड पुसून म्हणाली असती, गरम झालंय गं. मी तो उचलला, मान मागं टाकली, आणि वरून धार धरली. वितभर उंचावरून, ओठ लागू न देता. निम्मं पाणी गळ्यावरून चोळीत गेलं.